निळा टाका

आमच्या ताई कपड्यावरून नुसता हात फिरवून सांगतात, तो किती वेळा अंगावर चढलाय. ताई म्हणजे माझ्या मोठ्या नणंद. माझ्या नवऱ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या, लग्न केलं नाही, आमच्याच घराच्या वरच्या खोलीत राहतात. जिना एक, दाराची घंटा एक, पत्ता एक. हा पत्ता लक्षात ठेवा, कारण पुढे त्यानेच आमचा घात केला. पत्त्याने केला असं म्हटलं की मला जरा बरं वाटतं, पण खरं तर मी केला. माझं तोंड फटकळ आहे हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. आज ते माझ्यावरच चालणार आहे.

ताईंचं कोपऱ्यावर शिवणाचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन पावलांत संपायचं. एक मशीन, एक कापायचं टेबल, एक उभा आरसा आणि मापं घ्यायला पडद्यामागे कोपरा. बावीस वर्षं त्या तिथे बसल्या. ज्या मास्तरांकडे त्या शिकल्या, त्यांची एक शिस्त होती. काम संपलं की कपड्याच्या आतल्या अंगाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, आपला एक टाका घालायचा. कपडा पुन्हा कधी समोर आला तर ओळख पटली पाहिजे, की हा मी हाताळलाय आणि यात काही बिघडलं असेल तर ते माझंच. ताईंचा टाका निळा. कापड काळं असो की पिवळं, टाका निळाच. मी नवी नवी सून असताना त्यांना चिडवायचे, "काय ताई, कपड्यावर सही करता होय?"

"सही मोठी माणसं करतात गं," त्या म्हणायच्या. "मी आपली हजेरी लावते."

मग ते पार्सलांचं सुरू झालं. लोक फोनवर बोट ठेवून कपडे घ्यायला लागले. आधी ताईंकडे नवं शिवायला येणं थांबलं. मग नुसतं आखूड करायला, बटण लावायला यायचे, तेही हळूहळू गेलं, कारण आखूड कशाला करायचं? नाही बसलं तर परत पाठवा, दुसरं मागवा. एक दिवस ताईंनी मशीन उचलून वरच्या खोलीत आणलं आणि दुकानाची किल्ली मालकाला देऊन आल्या. जिन्यात त्या मला भेटल्या तेव्हा माझ्या हातात काय असावं? पार्सल. मी ते पाठीमागे लपवलं. त्यांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

हो, मी त्यातलीच. त्यातली म्हणजे त्यात पुढे. एक ड्रेस घ्यायचा तर तीन मापांत मागवायचा, एक ठेवायचा, दोन परत. चपला चार रंगांत. पडदे लावून बघायचे, आठवडाभर हवा खाऊ द्यायची, आणि मग 'रंग फोटोसारखा नाही' असं लिहून रवाना करायचे. पार्सलवाल्याची आमच्याकडे इतकी ये-जा, की तो मला मावशी म्हणायला लागला. वय माझं एकोणचाळीस! नवरा म्हणायचा, "अगं, दुकान घरी आणलंयस का?" मी म्हणायचे, "फुकट परत जातं ना? मग तुमच्या पोटात का दुखतंय?" खरंच वाटायचं मला, की यात कुणाचं काही जात नाही. परत गेलेलं कपाटात जातं, कपाटातून दुसरीकडे जातं, आणि जगात एवढी मोठी कंपनी आहे ती काय माझ्या दोन ड्रेसांनी बुडणार आहे?

त्याच कंपनीच्या गोदामात ताईंना काम मिळालं. शहराबाहेर, बसने पाऊण तास. परत आलेल्या मालाचा विभाग. दुकान ज्यांनी बंद पाडलं त्यांच्याचकडे! मी रागाने काहीतरी बोलले, तर ताई म्हणाल्या, "कपडाच हाताळायचाय ना? मग कुठे का असेना." टेबल नंबर सतरा. टेबलावर एक दिवा आणि दोन बटणं, हिरवं आणि लाल. पिशवीवर फक्त आकडे, कुणाचं नाव नाही. पिशवी उघडायची, कपडा बघायचा, नवाच असेल तर हिरवं, वापरलेला किंवा बिघडलेला असेल तर लाल. एका कपड्याला चाळीस सेकंद. एवढं त्यांनी सांगितलं होतं. लाल कपड्यांचं पुढे काय होतं ते कधी सांगितलं नाही. "कागदावर सही करून घेतलीय गं. गोदामातलं गोदामात."

आता डोळ्यांचं सांगते, कारण सगळं त्यावर अडलं होतं. ताईंना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची, आणि त्यासाठी दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन सहा महिन्यांच्या आत. खर्च ऐकून आमच्या तोंडचं पाणी पळालं. मोफत दवाखान्यात नाव घातलं तर नंबर दीड वर्षाने. पण गोदामात तीन वर्षं पुरी झाली की माणूस कायम होतो, आणि कायम झाला की कंपनीचा विमा लागतो. ताईंची तीन वर्षं भरायला दहा आठवडे उरले होते. तोवर एकही चूक नाही, एकही खाडा नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी स्वतः त्या तारखेभोवती लाल गोल काढला. येता-जाता सगळ्यांची नजर त्या गोलावर जायची.

आणि अशात माझी मुलाखत आली. एका मोठ्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर बसायची नोकरी. पत्रात लिहिलं होतं, पोशाख व्यवस्थित हवा. माझ्याकडे व्यवस्थित म्हणावं असं काही नव्हतं, म्हणून मी राखाडी जॅकेट मागवलं. आलं मुलाखतीच्या आदल्या दिवशी, आणि बाह्या दोन बोटं लांब. हात खाली सोडले तर बोटं गायब! दुसरं माप यायला चार दिवस. मी जॅकेट घेऊन धावत वर गेले.

ताईंची सुट्टी होती. त्या खिडकीशी बसल्या होत्या, उजेडाला पाठ करून. त्यांनी जॅकेट मांडीवर घेतलं, अस्तर चाचपलं, बाही उलटी केली. "छान घेतलंस. चांगलं कापड आहे. दहा वर्षं काढेल बघ."

"हो," मी म्हणाले. त्या 'हो'ची मला आजही लाज वाटते.

बाह्या त्यांनी हाताने दुमडून तुरपाई केली. मशीन लावलं नाही. "मशीनची शिवण बाहेरून कळते," म्हणाल्या. सुईत दोरा ओवायला त्यांना चार वेळा प्रयत्न करावा लागला. मी म्हटलं, द्या मी ओवते, तर हात झटकला. दुपारभर बसल्या. भिंग डोळ्याला, भिंगामागे आक्रसलेला चेहरा. संध्याकाळी मी ते घालून आरशासमोर उभी राहिले तर मी मलाच ओळखू आले नाही. ताई लांबून बघत होत्या. किती दिसत होतं त्यांना, देव जाणे. "खांद्याला बरोबर बसलंय," एवढं बोलल्या आणि डोळे चोळत पडून राहिल्या.

मी काय केलं माहीत आहे? किमतीची चिठ्ठी कापली नाही. आतल्या आत टाचणीने अस्तराला लावून टाकली. चार तास ते घातलं, मुलाखत दिली, नोकरी मिळाली. तिथे म्हणे गणवेश देतात, म्हणजे जॅकेटची गरज संपली. परत पाठवायला दहा दिवस होते. मी दार लावून घेतलं, ब्लेडने ताईंची तुरपाई उसवली, दुमडीवर ओला रुमाल ठेवून इस्त्री फिरवली, खिडकीत टांगून हवा दिली आणि पिशवीत घातलं. कारण काय लिहिलं? 'बाह्या लांब.' वर मला त्याचं हसूही आलं, की बघा, खोटं तर लिहिलं नाही!

निळ्या टाक्याची मला आठवणसुद्धा झाली नाही. तो बाहीत नव्हताच. तो काखेजवळ, अस्तराच्या शिवणीत होता.

आठ-नऊ दिवसांनी सकाळी फोनवर निरोप आला. 'आपलं खातं कायमचं बंद करण्यात येत आहे. आपण परत केलेली वस्तू वापरलेली आणि शिवण बदललेली आढळली.' माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं यांच्याकडून घेते आणि मला चोर ठरवतात? जिन्यात उभी राहून मी बोंब ठोकली. "कोण बसलेत तिथे गिधाडासारखे? चार तास अंगाला लागलं तर काय सोनं झिजलं का त्याचं? कुठल्या मेल्याने बटण दाबलं ते तरी कळू दे!"

"मी दाबलं," वरून आवाज आला.

ताई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या होत्या. बुधवार, सकाळचे दहा. त्या वेळी त्या गोदामात असायला हव्या होत्या. घरच्या कपड्यांत, हात मांडीवर ठेवून त्या बसल्या होत्या. माझ्या हातातला फोन तसाच राहिला.

"तुम्ही?"

"बैस," त्या म्हणाल्या. मी खालच्या पायरीवर बसले.

"बाहीवरून हात फिरवला तर दुमडीची खूण लागली," ताई सांगायला लागल्या. "म्हटलं, कुणीतरी आखूड करून घेतलंय आणि उसवलंय. सुईची भोकं राहतात गं, इस्त्रीने जात नाहीत. बारीक होती भोकं. मनात म्हटलं, कुणाचा हात चांगला दिसतोय. मग सवयीने अस्तराच्या शिवणीत बोट घातलं." त्या थांबल्या. "दिव्याखाली धरलं. निळा. चाळीस सेकंदांतली तीस मी नुसती बसून होते."

मी मूर्खासारखं तेच विचारलं जे विचारायला नको होतं. "मग हिरवं दाबायचं ना ताई! कुणाला कळलं असतं?"

"हिरवं दाबलं की ते नवं म्हणून कुणाच्या तरी घरी जातं. वापरलेलं, उसवलेलं जॅकेट नवं म्हणून विकायचं? माझ्या हातून?" त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आणि नियम असा आहे, की ओळखीच्या माणसाचा कपडा समोर आला तर हात वर करायचा, देखरेखीच्या बाईंना बोलवायचं, सांगायचं की हा मी बघणार नाही. पण मग तुझं नाव सांगावं लागलं असतं. सगळ्या टेबलांसमोर. माझी भावजय असं करते म्हणून. ते काही जिभेवर येईना. म्हणून मुकाट लाल दाबलं आणि पुढची पिशवी घेतली."

"आणि जॅकेट?"

"गेलं."

"कुठे गेलं?"

"फाडायच्या यंत्रात. लाल म्हणजे तेच. चिंध्या होतात, त्यांचे गठ्ठे बांधतात, गाडी येऊन घेऊन जाते."

"अख्खं जॅकेट? धडधाकट? अहो, धुवून कुणाला दिलं असतं तर..."

"धुवायला माणूस लागतो, इस्त्रीला लागतो, घडीला लागतो. फाडायला यंत्र पुरतं." ताई बोटांनी पायरीवरची धूळ सारत होत्या. "गर्दीच्या दिवसांत तर हिरवंसुद्धा सगळं परत जात नाही. जागा नसली की तेही तिकडेच. चिठ्ठीसकट. लहान मुलांचे स्वेटर, कोरे बूट. पहिल्या महिन्यात मी मोजायचे. मग मोजायचं सोडलं."

तीन मापांतले ड्रेस. चार रंगांतल्या चपला. आठवडाभर हवा खाल्लेले पडदे. इतकी वर्षं मला वाटत होतं मी ते परत ठेवतेय. मला भडभडून आलं आणि ओरडायलाही आलं. "आणि तुम्ही मला कधी एका शब्दाने बोलला नाहीत! रोज माझ्या पिशव्या जिन्यात बघत होता!"

"काय बोलू? दुकान बंद झालेली बाई आहे मी. बोलले असते तर तुला वाटलं असतं, टोमणा मारते."

अगदी तसंच वाटलं असतं मला.

मग हळूहळू बाकीचं निघालं. माझं खातं बंद करताना कंपनीच्या यंत्रणेने पत्ता पडताळला होता. गिऱ्हाइकाचा पत्ता आणि टेबल सतराचा पत्ता, दोन्ही एकच. 'नात्यातल्या माणसाचा माल न कळवता हाताळल्याचा संशय.' ताईंना सोमवारपासून घरी बसवलं होतं. दोन दिवस त्या वेळेवर डबा घेऊन बाहेर पडायच्या आणि बागेत बसून यायच्या, आम्हाला कळू नये म्हणून. चौकशीचा निकाल शुक्रवारी. कॅलेंडरवरच्या लाल गोलाला पाच आठवडे राहिले होते.

"निघेल काहीतरी मार्ग," ताई म्हणाल्या. "तू मात्र यात पडू नकोस. ऐकतेयस ना? अजिबात पडू नकोस."

मला वाटलं, मानी बाई आहे, माझे उपकार नको म्हणतेय. आणि मी कधी कुणाचं ऐकलंय?

गुरुवारी सकाळी मी बस पकडून गोदामावर गेले. मनाशी ठरवून, की साहेबासमोर उभी राहून सांगायचं, चूक माझी, शिक्षा मला करा, त्या बाईसारखी प्रामाणिक बाई तुम्हाला दिवा घेऊन शोधली तरी मिळणार नाही. पण साहेब कुठला! लांबलचक पत्र्याची भिंत, एक फाटक, फाटकाशी काचेच्या खोलीत पहारेकरी. तो म्हणाला, "तक्रार, विनंती, माहिती, सगळं त्या पडद्यावर." भिंतीत छातीइतक्या उंचीवर एक पडदा बसवला होता. त्याच्याशी बोलायचं.

मी तिकडे वळले तेवढ्यात फाटक उघडून एक गाडी बाहेर आली. उघडी गाडी, वर तारेने आवळलेले गठ्ठे. मला वाटलं रद्दी आहे. जवळून गेली तेव्हा दिसलं, कापड. रंगीबेरंगी, दाबून दाबून चौकोनी केलेलं. एका गठ्ठ्यातून एक बाही बाहेर लोंबत होती, तिच्या मनगटाला बटणाशी अजून चिठ्ठी. गाडीला धक्का बसला की ती हलायची. मी भिंतीला टेकले. पहारेकऱ्याने विचारलं, "पाणी देऊ का?" रोज बघत असेल बिचारा, त्याला काही वाटत नव्हतं.

मग मी पडद्यावर लिहिलं. सगळं. ओठ चावून, एकेक अक्षर दाबत. की जॅकेट मी वापरलं, उसवलं मी, फसवलं मी. ताईंचा यात काही दोष नाही. आणि त्यांचा प्रामाणिकपणा दिसावा म्हणून पुढे लिहिलं, 'जॅकेटच्या आत त्यांच्याच हातचा निळा टाका होता. तो ओळखूनही, हे आपल्या भावजयीचं आहे हे कळूनही, त्यांनी मला पाठीशी घातलं नाही. लाल बटणच दाबलं.' वाचून माझं मलाच भरून आलं. खाली मोठ्ठं बटण होतं, 'पाठवा'. हजार वेळा असलंच बटण दाबलेला माझा अंगठा. दाबलं. पडद्यावर हसरा चेहरा आला आणि लिहून आलं, 'धन्यवाद'.

पाच मिनिटांत फाटकाच्या लहान दारातून एक तिशीतली बाई जवळजवळ पळत आली. गळ्यात ओळखपत्र, हातात फोन. "टेबल सतराच्या भावजय तुम्हीच का? हे तुम्ही लिहिलंत?"

"हो," मी पदराला हात पुसत ताठ उभी राहिले. "आणि सही हवी असेल तर सहीपण देते."

तिने कपाळावर हात मारून घेतला. खरोखर, फटकन आवाज येईल असा. "अहो, काय केलंत हे! मी ताईंची देखरेखीची. पिशवीवर नाव नसतं ना? मग कपडा कुणाचा ते त्यांना कळलं होतं, हे कुणाच्या बापाला सिद्ध करता आलं नसतं. 'माल कुणाचा ते माहीत होतं का' या रकान्यात काही लिहू नका, कोरा ठेवा, असं मी त्यांना सांगितलं होतं. नुसता पत्ता जुळला, योगायोग आहे, उद्या प्रकरण मिटणार होतं. सोमवारी परत टेबलावर बसल्या असत्या!" तिचा आवाज चिरकला. "तो रकाना तुम्ही भरलात."

मला आधी समजलंच नाही. आणि समजलं तेव्हा मी तिच्या फोनकडे बोट दाखवलं. "मग ते परत घ्या ना! मी लिहिलेलं, परत घ्या. चुकून गेलं म्हणा."

"पाठवलेलं परत घेता येत नाही."

"अहो, कसं येत नाही? मी इतकी वर्षं..." ज्या कंपनीला मी चपला, पडदे, ड्रेस, जे मनात येईल ते परत पाठवलं, तिच्याकडून मला माझ्या दोन ओळी परत मिळेनात! मी त्या बाईचा हात धरला, पाया पडायला वाकले. तिने मला वर ओढलं. ती स्वतः रडत होती. म्हणाली, "माझ्या हातात काही नाही हो. ते मी वाचायच्या आधीच यंत्रणेत गेलं."

घरी आले ती थेट वर. ताई जुन्या शर्टांची बटणं कापून डब्यात टाकत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं, एका दमात. त्यांची कात्री थांबली. मग म्हणाल्या, "मी प्रामाणिक आहे असं लिहिलंस?"

"हो."

"आणि टाका ओळखला असं?"

"हो, ताई."

"मग खोटं काय लिहिलंस त्यात." त्या हसल्या. हसल्या म्हणजे नुसता तोंडातून वारा गेला. "रकाना कोरा ठेवला तेव्हापासून मला झोप नव्हती. खोटं लिहिलं नव्हतं, पण खरंही लिहिलं नव्हतं." आणि मग एकदम, लहान मुलीसारख्या आवाजात, "पण डोळ्यांचं काय गं आता?"

मी त्यांना घट्ट धरलं. दोघी रडलो. त्यांचं मला माहीत नाही, मी तर अशी रडले की खालून नवरा धावत आला. शुक्रवारी निरोप आला तो त्यानेच वाचून दाखवला. चार ओळी होत्या. त्याने मला शिव्या घातल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या, पण त्याने खाली जाऊन कॅलेंडर भिंतीवरून काढलं.

मोफत दवाखान्यात नाव घातलंय. नंबर दोनशे चौदा. माझा पगार सुरू झाला की दुसरीकडे होतंय का बघणार आहे, पण डॉक्टर म्हणाले, घाई करा, नजर थांबत नाही. ताईंनी मशीनवरचं कापड काढलं. गल्लीतल्या बायका परत येतात कधीमधी, बटण लाव, चेन बदल. मी फोनवरून काही मागवत नाही. खातं बंद आहे म्हणून नाही, नवऱ्याच्या खात्यावरून मागवता येतं. अंगठा पडद्याकडे जातो आणि मला ती लोंबणारी बाही दिसते.

ताईंना सुई ओवता येत नाही आता. रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी वर जाऊन दहा सुया ओवून सुयांच्या छोट्या गादीत टोचून ठेवते. पाच काळ्या, चार पांढऱ्या, एक निळी. संध्याकाळी येऊन संपलेल्या परत ओवते.

काल वर गेले तर नऊ सुया रिकाम्या. निळी जशी ठेवली तशीच, दोरा लोंबत. मी परवाची आठवण काढली. परवाही तशीच होती.

"ताई, ही राहिली का?"

त्या खिडकीशी बसल्या होत्या. हातातला शर्ट त्यांनी घडी करून बाजूला ठेवला आणि माझा आवाज आला त्या बाजूला तोंड वळवलं.

"टाका कुठे पडतो ते दिसत नाही गं आता," त्या म्हणाल्या. "वाकडी शिवण गेली कुणाकडे तर? तिच्यावर माझी हजेरी नको."

मी ती निळी सुई काढून हातात घेतली आणि खाली आले. माझ्या दवाखान्याच्या गणवेशाच्या आत, काखेजवळ, कुणाला दिसणार नाही अशा जागी मी एक टाका घातला. वेडावाकडा. मला शिवता येत नाही. पण यात बिघडलंय ते माझं आहे.